ग्वार्दामारच्या टेकडीवर किल्ला कुठे आहे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही कुटुंबासह वालेन्सियात राहता. सुट्टीत आलिकांतेच्या दक्षिणेला ग्वार्दामार देल सेगुरा या गावी समुद्रावर गेलात. गावाच्या डोक्यावरच टेकडी, तिथे किल्ल्याची पाटी, म्हणून चढलात. वर पाहता तर तटाचे तुटके तुकडे, डागडुजी केलेला एक बुरूज आणि बाकी सगळी मोकळी जागा. तुमच्या नऊ वर्षांच्या मुलानं विचारलं, "बाबा, किल्ला कुठाय?" आणि तुम्हाला उत्तर देता आलं नाही. या किल्ल्याचं झालं काय, एवढे पर्यटक येणारा देश तो पुन्हा उभा का करत नाही, आणि काही ठिकाणी जुन्या भिंतीवर वेगळाच दिसणारा नवा थर आहे ती फसवणूक नाही का, हे तुम्ही विचारलंत.

माझा धंदा जुन्या दगडी आणि मातीच्या बांधकामांच्या दुरुस्तीचा. तीस वर्षं झाली, त्यातली बहुतेक कोकणपट्टीवरच्या तटबुरुजांवर गेली. मातीच्या चोपलेल्या भिंतींचं काम शिकायला मी आलिकांते प्रांतात काही आठवडे होतो, तेव्हा ही टेकडी दोनदा चढलो. पहिल्यांदा मलाही तुमच्या मुलासारखंच वाटलं होतं. दुसऱ्यांदा मात्र तिथून पाय निघेना.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर एका वाक्यात सांगायचं तर किल्ला भूकंपात कोसळला आणि मग गावकऱ्यांनी तो उचलून खाली नेला. तुम्ही खाली ज्या गल्लीत गाडी लावली, तिथल्या जुन्या घरांच्या पायात तो असण्याची शक्यता बरीच आहे.

२१ मार्च १८२९, संध्याकाळचे सव्वासहा. सेगुरा नदीच्या खालच्या खोऱ्यात मोठा भूकंप झाला. तसा तो अचानक आला असंही नाही. आधीच्या सप्टेंबरपासून जमीन अधूनमधून हलत होती, लोक घाबरून होते. त्या एका संध्याकाळी खोऱ्यात ३८९ माणसं गेली आणि तीन हजारांच्या आसपास घरं जमीनदोस्त झाली. सगळ्यात जास्त माणसं आल्मोरादी गावात दगावली. तोरेवियेखा, बेनेखुसार आणि ग्वार्दामार ही गावं जवळजवळ पुसली गेली. या भूकंपाची तीव्रता आजचे अभ्यासक ६.६ च्या आसपास धरतात. आफ्रिकेचं भूपट्ट युरोपच्या भूपट्टावर रेटत असल्यामुळे स्पेनचा हा आग्नेय कोपरा आजही हलता आहे. जवळच्या लोर्का गावात मे २०११ मध्ये ५.१ चा धक्का बसला, नऊ माणसं गेली आणि तिथल्या किल्ल्याच्या बुरुजालाही मोठी इजा झाली.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्या, कारण पाटीवर वाचताना ती निसटते. १८२९ पर्यंत ग्वार्दामारच्या टेकडीवर नुसता किल्ला नव्हता, वर अख्खं गाव होतं. तटाच्या आत घरं होती, गल्ल्या होत्या, संत याकोबाचं चर्च होतं. तुम्हाला आज जी मोकळी जागा दिसली ती मैदान नव्हे, तो गावठाणाचा उरलेला पाया आहे. समुद्रावरून येणाऱ्या चाच्यांच्या भीतीनं माणसं शतकानुशतकं त्या तटाच्या आत दाटीवाटीनं राहिली. घराला घर चिकटलेलं, बोळ अरुंद, भिंती जड. भूकंपाला याहून सोयीची रचना नाही. एक भिंत पडली की ती समोरच्या भिंतीला घेऊन पडते, आणि बाहेर पळायची वाट तिथेच बुजते.

सरकारनं होसे आगुस्तिन दे लारामेंदी नावाच्या इंजिनियरला पाठवलं. त्यानं पडझडीची गावागावांतून मोजदाद केली, आणि मी ज्याला खरं इंजिनियरचं डोकं म्हणतो ते वापरलं. माणसं भूकंपानं कमी आणि अरुंद गल्ल्या नि उंच, जड घरांनी जास्त मेली हे त्यानं ओळखलं. मग नवी गावं आखताना रस्ते सरळ आणि रुंद, चौक मोकळे आणि घरं एकमजली ठेवली. ग्वार्दामारचं नवं गाव टेकडीवर न बांधता पायथ्याच्या सपाटीवर बसवलं. आज गावाचा जुना मध्यभाग नकाशावर पाहिलात तर बुद्धिबळाच्या पटासारखा दिसेल. किनाऱ्यावरची ही जुनी वस्ती इतकी शिस्तीत कशी, असं तुम्हाला वाटलं असेल तर त्याचं कारण हे आहे.

मराठवाड्यातल्या माणसाला हे वाचून किल्लारी आठवणारच. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेनंतर लातूर-उस्मानाबादच्या गावांत मी नवशिक्या म्हणून गेलो होतो. दगड नि मातीच्या तीन-तीन फूट जाडीच्या भिंती, वर माळवदाचं ओझं, आणि पडल्यावर सगळं एका जागी ढीग होऊन बसलेलं. पुनर्वसनातही तोच सरळ रस्त्यांचा नकाशा आला आणि एक म्हातारी मला म्हणाली होती, "रस्ता मोठा झाला लेकरा, पन शेजार लांब गेला." लारामेंदीच्या सरळ रस्त्यांवरून चालताना मला तीच म्हातारी आठवली. ग्वार्दामारची माणसं टेकडीवरून उतरली तेव्हा त्यांचाही शेजार मोडला असणार.

आता दगडांचं. नवं गाव उभं करायचं म्हणजे सामान लागतं, आणि खाण लांब असेल तर पडलेला दगड जवळचा. वरचा तट पडलेलाच होता, आता त्याच्या आत राहायला कोणी उरलं नव्हतं, आणि समुद्री चाच्यांचा काळही सरला होता. मग घडीव दगड, तुळया, विटा, जे जे कामाचं ते खाली गेलं. आपल्याकडे देशावर गढ्यांचं हेच झालं आहे. गढीची पांढरी माती लोकांनी धाब्यावर टाकायला नेली, शेतात नेली, आणि दोन पिढ्यांत गढीची टेकाडं झाली. यात मला चोरी दिसत नाही. घर गेलेल्या माणसानं पडक्या वेशीचा दगड चुलीशी लावला तर तो दगड वाया गेला असं म्हणवत नाही. पण इतिहास वाचणाऱ्याचं नुकसान होतं ते होतंच, कारण दगड हलला की त्याचा पत्ता हरवतो.

म्हणून जे दगड हलले नाहीत ते मोलाचे. टेकडीवर आज जे आहे त्यात अनेक काळ एकमेकांवर बसलेले आहेत. सगळ्यात खाली तट बांधण्याच्या कितीतरी आधीचं जग आहे. इसवी सनापूर्वीच्या शेवटच्या शतकांत इथे एक देवस्थान होतं. स्त्रीच्या चेहऱ्याची भाजक्या मातीची धुपाटणी इथे सापडली आहेत. डोक्यावर टोपलीसारखा घडवलेला भाग, शांत चेहरा, साधारण वीतभर उंची. समुद्रावरून येणाऱ्या खलाशाला नदीच्या मुखाशी ही टेकडी लांबून दिसायची, त्याचा नवस इथे फेडला जात असणार असं मला वाटतं. खाली वाळूत ला फोन्तेता या ठिकाणी इसवी सनापूर्वी आठव्या शतकात फिनिशियन व्यापाऱ्यांनी वसवलेलं बंदर सापडलं आहे, तटबंदीसकट. म्हणजे नदीच्या तोंडावर नजर ठेवायची ही जागा मध्ययुगातल्या तटाच्या जवळजवळ दोन हजार वर्षं आधीच हेरली गेली होती.

तट आणि नगर म्हणून जे उभं राहिलं ते तेव्हाच्या स्पेनमधल्या कास्तिया राज्याचा राजा दहावा आल्फोन्सो याच्या काळात. १२७१ मध्ये त्यानं इथे राजाच्या थेट अखत्यारीतलं नगर वसवलं. पुढे १३०४ च्या तहात हा टापू शेजारच्या आरागोन राज्याच्या राजाकडे, म्हणजे वालेन्सियाच्या राज्यात गेला. तेव्हापासून ग्वार्दामार सीमेवरचं गाव झालं. त्या सीमेची खूण अजून ऐकू येते: वालेन्सियन भाषा बोलणाऱ्या गावांतलं हे सगळ्यात दक्षिणेकडचं गाव. तुम्ही वालेन्सियात राहता, तर बाजारात कान देऊन ऐका, तुमच्या शेजाऱ्यांच्या बोलीचा सूर इथे वेगळ्या लयीत लागतो.

मुलाला सांगायची गोष्ट १३५८ सालची. कास्तियाचा राजा पेद्रो, ज्याला शत्रूंनी 'क्रूर' म्हटलं आणि त्याच्या बाजूच्या लोकांनी 'न्यायी' म्हटलं, तो आरागोनशी लढत होता. ऑगस्टमध्ये तो वल्ह्यांची अठरा लढाऊ गलबतं घेऊन ग्वार्दामारवर आला. गाव घेतलं, पण वरचा किल्ला हाती येईना. लढाई चालू असताना समुद्रावरून वारा सुटला. ही किनारपट्टी उघडी, वाळूची, आडोसा देणारी खाडी नाही. माणसं जमिनीवर, गलबतं रिकामी. वाऱ्यानं ती किनाऱ्यावर आपटून फोडली. अठरापैकी दोन वाचली. राजानं गाव जाळलं आणि तो जमिनीवरून मुर्सियाकडे परतला. तटाच्या पूर्वेकडच्या कडेला उभं राहून ही गोष्ट सांगा. खाली ती वाळू आणि तोच उघडा समुद्र दिसतो, वेगळं काही दाखवावं लागत नाही.

तुम्हाला जो सगळ्यात शाबूत बुरूज दिसला तो मात्र या लढाईनंतरचा. त्याला दारूचा बुरूज म्हणतात. दारू म्हणजे अर्थात तोफेची. तो १६व्या शतकातला. त्या शतकात उत्तर आफ्रिकेतून येणाऱ्या चाच्यांनी हा सगळा किनारा त्रस्त केला होता. माणसं पकडून नेत आणि खंडणीवर सोडत किंवा विकत. दुसऱ्या फिलिपच्या राजवटीत किनाऱ्यावर टेहळणीच्या मनोऱ्यांची साखळी उभी राहिली. दिवसा धूर आणि रात्री जाळ करून एका मनोऱ्यानं दुसऱ्याला कळवायचं. आजही स्पॅनिश माणूस कोणी ऐकत नाही ना हे बघताना 'किनाऱ्यावर मूर आहेत का' असं विचारतो, ते याच भीतीचं उरलेलं. या बुरुजाचा आकार नीट बघा. मध्ययुगाचा बुरूज उंच आणि सरळ असतो, कारण त्याला शिडी लावणाऱ्याची भीती. तोफेच्या काळातला बुरूज बुटका, जाड आणि खाली पसरत गेलेला असतो, कारण गोळ्याचा मार पोटात घ्यायचा असतो. आपल्या विजयदुर्गाच्या समुद्राकडच्या बुरुजांचं पोट ज्यानं पाहिलंय त्याला हे सांगावं लागत नाही.

दुसरा प्रश्न, पुन्हा का बांधत नाहीत. पैसा हे एक कारण असेल, पण ते मुख्य नाही. २२ एप्रिल १९४९ च्या हुकमानं स्पेनमधले सगळे किल्ले, ते कितीही पडके असोत, राज्याच्या संरक्षणाखाली आले. मग १९८५ चा वारसा कायदा आला, आणि त्यात या बाबतीत स्वच्छ भूमिका आहे: जपा, बळकट करा, पण पुन्हा बांधायच्या फंदात पडू नका. मूळचेच तुकडे हाताशी असतील आणि ते खरे असल्याचं सिद्ध करता येत असेल तरच अपवाद. बांधकाम टिकावं म्हणून काही नवं घालावंच लागलं तर ते नवं म्हणून ओळखू आलं पाहिजे, जुन्याची नक्कल करायची नाही.

हा कायदा कोर्टात किती गंभीरपणे घेतला गेला हे तुमच्या घराजवळच दिसतं. सागुंतोचं रोमन नाट्यगृह १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला जवळजवळ नव्यानं बांधलं गेलं. भांडण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि २००० मध्ये न्यायालयानं ते काम बेकायदा ठरवलं. नवं काढून टाकणं शक्य नाही असा निकाल २००९ मध्ये आला, म्हणून ते आजही उभं आहे. एकदा जाऊन बघाच. काहींना ते आवडतं, रंगमंच म्हणून ते वापरातही आहे. मला तिथे बसल्यावर मूळ रोमन दगड शोधावा लागला, आणि ते मला खटकलं.

दुसरं उदाहरण कादिस प्रांतातल्या विय्यामार्तिनजवळच्या मात्रेरा किल्ल्याचं. नवव्या शतकात सुरुवात झालेल्या या मनोऱ्याचा भाग २०१३ च्या पावसात ढासळला. २०१६ मध्ये दुरुस्ती पूर्ण झाली: उरलेले जुने तुकडे एका सपाट, पांढऱ्या नव्या भिंतीत बसवले आणि मनोऱ्याचा मूळ आकार परत दिसू लागला. जगभर त्याची चेष्टा झाली, फोटो फिरले, लोक म्हणाले किल्ल्याचा सत्यानाश केला. त्याच कामाला वास्तुकलेचा एक आंतरराष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. माझं मत विचाराल तर त्यात डोळ्याला बोचणारा भाग आहे, आणि तरीही मी त्या कामाच्या बाजूनं आहे. उरलेला मनोरा पुढच्या पावसात टिकला नसता. नवं जे घातलं ते दहा पावलांवरून ओळखू येतं, लहान मुलालाही. वाईट काम म्हणजे ज्यात जुनं कुठे संपलं आणि कंत्राटदार कुठे सुरू झाला ते कळत नाही.

ग्वार्दामारला तर अडचण आणखी खोल आहे. समजा उद्या कोणी म्हणालं, बांधा. कोणता किल्ला बांधायचा? १२७१ चा, १३५८ च्या लढाईनंतरचा, तोफांसाठी बदललेला, की भूकंपाच्या आदल्या दिवशीचा, ज्यात जागोजागी भगदाडं आणि तटाला टेकवलेली घरं होती? एक निवडला की बाकीचे बुजले. शिवाय नवा पाया खणायचा म्हणजे खालची धुपाटणी असलेली माती उलथवायची. ती माती एकदाच वाचता येते.

तिसरा प्रश्न, वेगळ्या दिसणाऱ्या नव्या थराचा. आता माझ्या हातातलं काम आहे म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आलिकांते भागात मध्ययुगातल्या भिंतींची एक पद्धत फार चालायची, तापिया. बियारच्या किल्ल्याचा मुख्य बुरूज तिचा सुंदर नमुना आहे, जमल्यास तोही बघा. दोन बाजूंना लाकडी फळ्यांचा साचा उभा करायचा. साचा टेकायला खाली भिंतीच्या आरपार लाकडी दांड्या घालायच्या. आत माती, खडी आणि चुना यांचं मिश्रण हातभर टाकायचं आणि धुमसानं चोपायचं. पुन्हा टाकायचं, पुन्हा चोपायचं. चांगला कारागीर प्रत्येक थराला फळीच्या अंगाशी निव्वळ चुन्याची कड घालत जातो. त्यामुळे साचा काढल्यावर भिंतीला बाहेरून चुन्याचं कवच आलेलं असतं. ते वरून लावलेला गिलावा नसतं, भिंतीबरोबरच जन्मलेलं असतं, म्हणून सहजी सुटून पडत नाही. साचा भरला की दांड्या ओढून काढायच्या, साचा वर चढवायचा. दांड्या निघाल्या तिथे भोकं राहतात, एका रेषेत. ती गोळीबाराची भोकं आहेत असं बरेच पर्यटक सांगताना मी ऐकलंय. तशी ती नाहीत. जंघ्या, म्हणजे बंदुकीसाठी ठेवलेली भोकं, हव्या तिथेच असतात, ही भोकं सगळीकडे आणि मोजून असतात. भोकांच्या एका ओळीपासून वरची ओळ साधारण ८० ते ९० सेंटीमीटरवर येते, म्हणजे आपले जवळजवळ दोन हात. एवढी साच्याची उंची.

त्या प्रांतातल्या एका भिंतीपुढे आमच्या उस्तादानं आम्हाला अर्धा दिवस बसवलं होतं. हात लावायचा नाही, नुसतं बघायचं. उन्हं कलली तेव्हा भिंतीवर फळ्यांच्या आडव्या रेघा उमटल्या, दुपारी त्या दिसल्याच नव्हत्या. एका जागी लाकडाच्या गाठीचा ठसा होता, सुपारीएवढा. आठशे वर्षांपूर्वीच्या कुठल्यातरी झाडाची गाठ, झाड गेलं, फळी गेली, चुन्यानं गाठ धरून ठेवली. मी भोकात बोट घातलं तर आतली कड गुळगुळीत लागली, दांडी ओढून काढली तेव्हाची. नवी भिंत बांधून हे परत आणता येत नाही. म्हणून जुनं वीतभर जरी असलं तरी आम्ही त्याच्याभोवती परांची बांधतो आणि दिवसाला दोन फूट काम झालं तरी घाई करत नाही.

आता समुद्रकाठच्या भिंतीला मारतं कोण? लाटा क्वचित, मीठ रोज. खारं वारं भिंतीत ओलावा नेतं. उन्हात पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं आणि त्याचे स्फटिक दगडाच्या पोटात वाढतात. दगड आतून कणाकणानं फुटतो. आपण लोणा लागला म्हणतो तो हाच. टेकडीवर समुद्राकडचं अंग आणि गावाकडचं अंग हातानं तपासा, समुद्राकडचं खडबडीत, जाळीदार लागेल.

चुना अशा भिंतीला जगवतो कारण तो श्वास घेतो. चुनखडी भट्टीत जाळली की कळीचा चुना होतो, पाण्यात विरवला की लोण्यासारखा मऊ होतो, आणि भिंतीत गेल्यावर हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून हळूहळू पुन्हा चुनखडी बनतो. तो दगडापेक्षा मऊ राहतो, ओलावा त्याच्यातून बाहेर पडतो, मीठही त्याच्यातच साठतं. पन्नास-साठ वर्षांनी चुना झिजतो, दगड वाचतो. मग चुना पुन्हा भरायचा. दरजांमधला, म्हणजे दगडांच्या सांध्यांमधला चुना झिजण्यासाठीच असतो.

सिमेंटचं उलटं. कोकणात एका समुद्रबुरुजावर, नाव सांगत नाही, माझ्या आधी कोणीतरी सगळ्या दरजा सिमेंटनं भरल्या होत्या. काम झालं त्या दिवशी ते फार देखणं दिसलं असेल. मी गेलो तेव्हा पाच-सहा पावसाळे झाले होते. सिमेंट जसंच्या तसं, आणि मधले जांभ्याचे चिरे आत-आत खचलेले. मधमाश्यांच्या पोळ्यासारखी सिमेंटची चौकटी जाळी पुढे आलेली आणि तिच्या घरांत लाल भुसा. ओलाव्याला दरजेतून वाट मिळाली नाही, त्यानं दगडातून काढली, मीठही तिथेच बसलं. माझ्या गवंड्यानं एका घरात मूठ घातली आणि मनगटापर्यंत आत गेली. तो काही बोलला नाही, मूठभर भुसा माझ्या तळहातावर ठेवला.

म्हणून ग्वार्दामारला तुम्हाला जो नवा थर खटकला त्याबद्दल असं बघा. तुटलेल्या तटाच्या माथ्यावर तो असेल तर ती टोपी आहे. उघड्या माथ्यातून पावसाचं पाणी भिंतीच्या पोटात जातं आणि ती फुगून फुटते, म्हणून माथा बंद करतात. भिंतीच्या पोटाला पोकळी होती तिथे असेल तर ती भर आहे. दोन्हीकडे रंग आणि पोत मुद्दाम वेगळा ठेवलेला असतो, कधी नवा भाग बोटभर आत घेतलेला असतो. तुम्हाला तो वेगळा दिसला, म्हणजे करणाऱ्यानं लपवाछपवी केली नाही. मी स्वतः आणखी थोडा उबदार, वाळूकडे झुकणारा रंग निवडला असता, पण तो आवडीचा भाग झाला.

परत जावं का? जावं, पण क्रम बदला. आधी गावातलं पुरातत्त्व संग्रहालय बघा. मुलाला ती धुपाटणी दाखवा आणि सांगा की ही डोक्यावरच्या टेकडीतून निघाली. मग पाइनच्या वनात जा. हे वन नैसर्गिक वाटतं, पण ते लावलेलं आहे. नवं गाव खाली वसलं तर खरं, पण १९व्या शतकाच्या अखेरीस समुद्राकडून वाळूच्या टेकड्या सरकत त्याच्या अंगावर येऊ लागल्या, घरं बुजायला लागली. फ्रान्सिस्को मिरा या वनअभियंत्यानं गवताच्या कुंपणांनी वाळू थोपवली आणि मग लाखो झाडं लावून ती जागच्या जागी बांधली. मला त्या माणसाबद्दल फार आदर आहे. या कामातच १८९७ मध्ये वाळूखालून एक अरबी शिलालेख निघाला, इसवी सन ९४४ चा. पुढे १९८४ पासून तिथे उत्खनन झालं आणि राबिता म्हणजे मुस्लिम साधकांचा मठ उजेडात आला. ओळीनं लहान लहान मशिदी, प्रत्येकीत मिहराबाचा, म्हणजे मक्केची दिशा दाखवणारा कोनाडा. वाळूनं गाव बुजवायला घेतलं होतं, तिनंच हे हजार वर्षं झाकून ठेवलं.

टेकडी शेवटी ठेवा, संध्याकाळी पाच-सहाच्या सुमाराला. उन्हाळ्यात वर सावलीचा ठिपका नाही, पाणी सोबत ठेवा आणि घसरणार नाहीत अशी पायताणं. तटाच्या माथ्यावर मुलाला चढू देऊ नका, पडण्याची भीती आहेच, शिवाय तो माथाच सगळ्यात नाजूक असतो. उत्तरेला पाहिलंत तर सांता पोलाचं भूशिर आणि त्याच्यापुढे ताबार्का बेट दिसेल, आणि मधे सेगुराचं मुख.

मग मुलाला गावाकडे तोंड करून उभं करा आणि सरळ रस्ते मोजायला सांगा. त्यानंतर उन्हं तिरपी झाली की जुन्या भिंतीशी न्या आणि आडव्या रेघा किंवा भोकांची ओळ शोधायला सांगा. सापडली तर हात न लावता तिच्याशेजारी उभं करून एक फोटो काढा, म्हणजे ओळीची उंची त्याच्या उंचीवरून मोजता येईल. तो फोटो मला जरूर पाठवा. ग्वार्दामारच्या त्या बाजूला साच्याची उंची किती भरते हे मला हवंय, मी गेलो तेव्हा टेप खोलीवर विसरलो होतो.